साहेबरावांच्या नावावर

"ट्रान्सलोकेशन तुमच्यात आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"व्हय मॅडम, मी त्याच गाडीवर असतो," सुदर्शन म्हणाला.

सुदर्शन वनखात्यात ड्रायव्हर. वस्तीत शिरलेली वानरं पिंजऱ्यात घालून लांब गौताळ्याच्या जंगलात सोडून यायची, याला साहेबलोक ट्रान्सलोकेशन म्हणत. वानरं काय म्हणत, ते कळायला मार्ग नव्हता.

बाईंनी दमलेल्या हातानं कागदावर दोन काड्या काढल्या. ही गुणसूत्रं. यांच्या तुकड्यांनी आपसात जागा बदलल्यात. हरवलं काहीच नाही, म्हणून सुदर्शन ठणठणीत. पण बाळाला वाटा देताना कधी तुकडा जास्त जातो, कधी कमी पडतो. मग गर्भ टिकत नाही.

"संध्यात काही दोष नाही. हे बहुतेकदा आई किंवा वडिलांकडून आलेलं असतं. आशा सोडू नका, चांगलं मूलही होतं."

क्रांती चौकात सिग्नलला मोटारसायकल थांबली, तशी संध्या मागून म्हणाली, "बारावीला होता हा शब्द. पानात तयार झालेली साखर मुळापर्यंत पोचते, त्याला म्हणायचे."

"मग चांगलंच हाय की."

"झाडाचं चांगलंय." सिग्नल सुटला. "आईंना तुम्ही सांगा. माझं बोलून बोलून तोंड दुखलं."

संध्याचं पोट रिकामं झालं, की दर वेळी सासू भामाबाई म्हणायच्या, "हिची कूसच नासकी." आणि नेमका तेव्हाच सुदर्शन मोटारसायकलची हवा बघायला बाहेर जायचा. अख्ख्या उस्मानपुऱ्यात एवढी हवा कुणाच्या टायरात नसेल.

आज त्यानं मोटारसायकल लावली, टायरकडे एकदा बघितलं आणि आत गेला.

"काय म्हणली डॉक्टरीण?" भामाबाई लसूण सोलत होत्या. "हिच्यातच ना?"

"नाय. माझ्यात."

"बायकोनं पढवून आणलं का रे?"

"डॉक्टरीणच म्हणली, आई. जन्मापासून हाय. बापाकडून येतं ते."

'आई किंवा' एवढं त्यानं गाळलं. वडिलांना, साहेबरावांना जाऊन बरीच वर्षं झाली होती, ते काही तक्रार करणार नव्हते. आणि पकडून लांब नेऊन सोडायचं, हे तर त्याचं कामच.

भामाबाईंचे हात थांबले.

"ह्याच्या आधीची माझी समदी अशीच गेली," त्या म्हणाल्या. सुदर्शनला नव्हे, संध्याला. "मला कुणाच्या डोहाळजेवणाला नेत नव्हते. आत्याबाई म्हणायच्या, हिची सावली नको."

संध्या खाली बसली आणि लसणाचं ताट तिनं आपल्याकडं ओढलं.

"काय नाव म्हणली गं त्याचं?"

"ट्रान्सलोकेशन."

"टान्सलोक..."

"लोकेशन."

भामाबाईंनी शब्द ओठातल्या ओठात घोळवला. मग गुडघ्यावर हात टेकून उठल्या, पदर डोक्यावर घेतला आणि भिंतीवरच्या सासूच्या फोटोपुढे जाऊन उभ्या राहिल्या.

"आत्याबाई," त्या म्हणाल्या, "टान्सलोकेशन व्हतं. तुमच्या लेकात."

आणि खाली मान घालून उत्तराची वाट बघत राहिल्या.