लिपनीकच्या चौकातला पहिला बंब

येल्शे गावाच्या आगीच्या बंबाचा मुख्य गाश्पर कोरित्निक याला आयुष्यात एकच गोष्ट हवी होती. एकदा, फक्त एकदा, आगीवर सगळ्यांच्या आधी पोचायचं. गेल्या पानगळीत गिरणी पेटली तेव्हा तो पोचेपर्यंत राखसुद्धा गार झाली होती, आणि शेजारच्या ब्रेझ्नो गावचे बंबवाले पहिल्या नंबराचं बक्षीस म्हणून मिळालेलं बिअरचं पिंप रिकामं करून त्याच पिंपावर बसले होते. त्यांचा मुख्य ब्लाझ म्हणाला होता, "ये गाश्पर, शेकायला आलास का?" ते वाक्य अजून त्याच्या डोक्यात ठाण मांडून होतं. घरी तर विचारूच नका. चुलीवर काही करपलं की बायको, नेझ्का, म्हणायची, "राहू द्या, तुम्ही उठेपर्यंत विझेल."

त्या गिरणीनंतर आसपासच्या पाच गावांनी आणि तालुक्याच्या गावाने करार केला. एका गावात घंटा वाजली की शेजारच्यांनी आपली वाजवायची आणि बंब घेऊन निघायचं. का, कुठे, हे विचारत बसायचं नाही. विचारण्यातच गिरणी गेली होती. खताची पावतीसुद्धा तीनदा वाचणाऱ्या गाश्परने या करारावर न वाचताच सही ठोकली.

त्या वर्षी सेंट अॅनचा सण रविवारी आला. चर्चमधली प्रार्थना आटोपून सगळं येल्शे लिंडनच्या झाडाखाली जमलं होतं. डुकराच्या मांसाच्या क्लोबासा, म्हणजे सॉसेजेस, निखाऱ्यांवर चरचरत होत्या, अकॉर्डियनवाला घसा ओला करून घेत होता. सण म्हणून बंबवाले गणवेशात होते. गाश्परचं पितळी शिरस्त्राण इतकं लखलखत होतं की नेझ्काने त्यात बघून डोक्यावरचा रुमाल सारखा केला.

शाळेचे फेर्यान मास्तर पेपर घेऊन बसले होते. "आपल्या बादशहाने सर्बियाला हात लावला की रशिया उठणार. रशिया उठला की जर्मनी, आपला दोस्त म्हणून. जर्मनी उठला की फ्रान्स, रशियाचा दोस्त म्हणून."

"आणि इंग्रज?" गाश्परने विचारलं.

"त्यांचं अजून ठरतंय."

"म्हणजे ओसोयेवाले म्हणा की! शेवटी येतात आणि पाईप कसा धरायचा ते सगळ्यांना शिकवतात."

ओसोयेत माहेर असलेल्या दोन बायकांनी त्याला चांगलंच फैलावर घेतलं. हशा ओसरल्यावर मास्तर म्हणाले, "अहो, पण एवढे शहाणे राजे, त्यात निम्मे एकमेकांचे सोयरे. कोणीतरी थांबेलच ना?"

"कसा थांबेल?" गाश्पर म्हणाला. "थांबला की दुसरा नंबर."

तेवढ्यात लिपनीकची घंटा वाजली. लिपनीक म्हणजे तालुक्याचं गाव, दरीत खाली. लगेच पलीकडे ब्रेझ्नोचीही सुरू झाली. धूर कुठेच दिसत नव्हता, पण करार म्हणजे करार. गाश्पर ओरडला, "जुंपा!" आणि त्याची दोन्ही घोडी क्षणात बंबाला लागली. बंबवाले चढले, त्यातला एक तोंडात क्लोबासा धरूनच. मास्तरांना उतरायला वेळ मिळाला नाही, कारण ते बंबाच्या पायरीवरच पेपर वाचत बसले होते.

"ह्यांना कोणीतरी सांगा, आग उत्तरेकडे असते की दक्षिणेकडे!" नेझ्का मागून ओरडली.

फाट्यावर ब्रेझ्नोचा बंब दिसला, चांगला शंभर पावलं पुढे. ब्लाझने वळून हात हलवला. गाश्परच्या अंगाचा तिळपापड झाला. त्याने घोडी सरळ पाद्रीबाबांच्या बटाट्यांच्या शेतात घातली. बंब उडत होता, माणसं उडत होती, मास्तर देवाची प्रार्थना करत होते. शेताच्या पलीकडच्या टोकाला ते रस्त्यावर आले तेव्हा ब्लाझ मागे होता.

लिपनीकच्या चौकात येल्शेचा बंब पहिला शिरला. गाश्पर उडी मारून उतरला. "आग कुठाय?"

चौकात आग नव्हती. घंटा वाजवणारा म्हातारा कपाळ पुसत उभा होता. तो म्हणाला, "पाटील म्हणाले, लोक जमव. हळू वाजवायला सांगितलं होतं, पण सण आहे ना, जरा जोर लागला."

मागोमाग बाकीच्या चारही गावांचे बंब येऊन थडकले आणि एकच कल्ला उडाला. "तुम्ही वाजवलीत म्हणून आम्ही वाजवली!" "आम्ही कुठे, ह्यांनी आधी!" "तुमचा बंब निघालेला दिसला म्हणून आम्ही निघालो!" सगळ्यांत शेवटी आलेल्या ओसोयेवाल्यांनी घंटा कशी वाजवावी हे समजावायला सुरुवात केली.

"भांडा नंतर," गाश्पर गरजला. "आधी सांगा, पहिला कोण आला?"

"येल्शे," ब्लाझ कडू तोंड करून म्हणाला. "बटाटे तुडवून का होईना."

गाश्परला वाटलं, आत्ता मेलो तरी चालेल.

भिंतीवर ओला कागद डकवणारा हवालदार खळीचा ब्रश बादलीत टाकून पुढे आला. चेहरा खुललेला. "देव पावला! पाच गावं फिरून हा हुकूम सांगायचा होता मला. तुम्ही आपण होऊन गणवेशात हजर!" त्याने वही उघडली. "पहिलं कोण म्हणालात? नाव? वय?"

"गाश्पर कोरित्निक. एकोणचाळीस." पहिला नंबर वहीत चढतोय म्हणून त्याने छाती काढून सांगितलं.

"बेचाळीसच्या आतले सगळे पलटणीत. परवा सकाळी पहिल्या गाडीने. घोडी तुमचीच ना? तीही आणा."

मास्तरांनी भिंतीवरचा कागद वाचला आणि हातातल्या पेपराची घडी करून खिशात घातली. ब्लाझने शिरस्त्राण काढलं आणि हळूच म्हणाला, "गाश्पर, माझ्या पुढे कशाला गेलास रे?"

"पहिलं यायची सवय नाही ना," गाश्पर म्हणाला, आणि दोघे हसले.

परतीच्या वाटेवर येल्शेच्या गड्यांचं एकमत झालं. नाच होऊ दे, पोरं जेवू देत, मग सांगू.

झाडाखाली अकॉर्डियन रंगात आला होता. नेझ्का कमरेवर हात ठेवून वाटेतच उभी. "विझली का आग?"

"आग नव्हतीच. म्हाताऱ्याने उगाच जोरात वाजवली."

"ते असू दे. पहिलं कोण पोचलं?"

गाश्परने तिच्याकडे बघितलं. आठ महिने त्याने या प्रश्नाचं उत्तर घोकलं होतं.

"ब्लाझ," तो म्हणाला.

नेझ्का इतकी हसली की तिला त्याच्या दंडाचा आधार घ्यावा लागला. "अगं बायांनो, ऐका! आग नसतानासुद्धा हे मागे!" बायका हसल्या, पोरं हसली. गाश्परही हसला, आणि ती थांबू नये म्हणून ब्लाझ कसा ऐटीत पुढे गेला ते तिला नकला करून सांगू लागला.