दुसरी धाव

काचकारखान्याचा संघ एका धावेनं हरला आणि कोचच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

कोच म्हणजे कुणी खरेखुरे प्रशिक्षक नव्हेत. कारखान्याच्या फाटकासमोर त्यांचं बूटदुरुस्तीचं दुकान होतं. चाळीस वर्षं त्यांनी लोकांच्या बुटांचे तळवे शिवले आणि चाळीस वर्षं कारखान्याचे सामने पाहिले. कुणी कसं खेळायला हवं होतं हे सामना संपल्यावर ते बिनचूक सांगत, म्हणून अख्खं गाव त्यांना कोच म्हणायचं. ही चेष्टा आहे हे त्यांच्याखेरीज सगळ्यांना ठाऊक होतं.

हरावं तरी कसं? शेवटच्या चेंडूवर दोन धावा हव्या होत्या. दोन झाल्या की बरोबरी, आणि बरोबरी झाली की ढाल गेल्या वर्षीच्या विजेत्यांकडेच राहते, म्हणजे आपल्याकडे. समोर गोदीवाल्यांचा संघ, आणि खेळायला कोण, तर खुद्द कोचचा जावई. त्यानं चेंडू मारला झकास. पहिली धाव हसतखेळत झाली. दुसरीसाठी वळला आणि वळता वळताच पाय सटकून सपशेल आडवा झाला. उठून जीव खाऊन धावला, पण वीतभर कमी पडला. गोदीवाले ढाल डोक्यावर घेऊन नाचत गेले.

"वीतभर!" दुकानात शिरताच कोचनी हातोडी फळीवर आपटली. "अरे, माझ्या म्हशीसुद्धा याच्यापेक्षा बऱ्या वळतात!"

"कोच, तुमच्याकडे म्हशी कुठायत?" पाठोपाठ आलेला सलूनवाला म्हणाला. त्याचं सलून शेजारीच होतं आणि आगीत तेल ओतायला तो कधीही हातचं गिऱ्हाईक सोडून येई.

"असत्या तर वळल्या असत्या!"

तिसरे होते रिटायर्ड फोरमन. ते स्टुलावर बसून दातओठ खात होते. तिघांनाही एकच दुःख होतं, पण दुःख म्हटलं की रडावं लागतं आणि रागाला तशी काही अट नसते. त्यामुळे तिघं रागावर अडून बसले होते.

"पाय घसरला म्हणे," फोरमन म्हणाले. "नाचता येईना, अंगण वाकडं. त्या मैदानावर आजवर बाकी कुणाचा घसरला नाही तो!"

"लग्नानंतर अंगाला गोलाई आलीये जावईबापूंच्या," सलूनवाल्यानं भर घातली. "सासरचं मानवलंय."

चार वर्षांत कोचनी जावयाबद्दल परक्यासमोर एक वाकडा शब्द काढला नव्हता. जावयाचा मान ठेवावा लागतो. पण त्या संध्याकाळी त्यांच्या तोंडाचा पट्टा सुटला. गाढव काय, ठोंब्या काय, आळशी काय. मुलगी देताना आपले डोळे फुटले होते, इथपर्यंत मजल गेली. सलूनवाला खूश झाला.

मग फोरमननी खिशातून एक कागद काढला. तो घरूनच लिहून आणला होता, सुवाच्य अक्षरात. 'खेळाचे साहेब यांस. सदर खेळाडूस संघातून तात्काळ वगळण्यात यावे, ही समस्त प्रेक्षकांची मागणी.' उद्या सकाळी दहा वाजता साहेब पुढच्या वर्षाचा संघ ठरवणार होते, त्याआधी हा कागद त्यांच्या टेबलावर पडायला हवा होता.

या कागदाचा अर्थ त्या दुकानात सगळ्यांना कळत होता. जावई दोन वर्षं पॅकिंग खात्यात हंगामी होता. त्याला घेतलं होतं ते बॅटीमुळे. संघात राहिला तर या खेपेला नोकरी कायम होणार होती. संघातून गेला तर काचा गवतात गुंडाळून खोक्यात भरायला कारखान्याला पैशाला पासरी माणसं मिळतात.

"पण पहिली सही कुणाची?" फोरमन म्हणाले. "माझी केली तर म्हणतील, म्हाताऱ्याचं जुनं वैर आहे."

"कोचनी केली तर कुणाची बोलायची टाप नाही," सलूनवाला म्हणाला. "पण ते कसली करतायत! शेवटी घरचा माणूस. क्रिकेट राहिलं बाजूला."

"कोण म्हणतं करत नाही? आण इकडे!"

त्या क्षणी कोचना मुलीचं घर आठवलं नाही असं म्हटलं तर ते खोटं होईल. आठवलं. पण गोदीवाल्यांच्या डोक्यावरची ढालही डोळ्यांसमोर होती, आणि राग मोठा होता. त्यांनी खळीचे हात लुंगीला पुसले आणि कागदावर सगळ्यात वर अशी सही ठोकली की पेनाचं टोक पलीकडे उमटलं. सलूनवाला कागद घेऊन बाहेर पळाला. सासऱ्यानंच सही केलीय म्हटल्यावर पुढचं काम सोपं होतं. फाटकावरच्या चहाच्या टपरीवरच चाळीस सह्या झाल्या.

तासाभरानं मुलगी आली. दुकानात आता कोच एकटेच होते. ती आली ती पायरीवर चप्पल न काढता, आणि हातातली पिशवी तिनं फळीवर उपडी केली. जावयाचे क्रिकेटचे बूट धाडकन पडले.

"ये, बस," कोच म्हणाले.

"बसायला नाही आले. उलटे करा ते."

"अगं पण—"

"उलटे करा, बाबा!"

कोचनी बूट उलटा केला. तळव्याला आठ खिळे होते, आट्यांचे, पाना घालून बसवायचे. आठही आखूड.

राग माणसाला सोयीचं तेवढंच आठवू देतो. आता मात्र कोचना सगळं आठवलं. गुरुवारी जावई बूट घेऊन आला होता, सोबत नव्या लांब खिळ्यांचं पाकीट. "मामा, हे लांबवाले बसवा. तिकडच्या टोकाला ओल धरते, वळताना पाय सटकतो." कोचनी मान डोलावली होती. तो गेल्यावर त्यांनी विचार केला. लांब खिळे जमिनीत रुतणार. हा आधीच जड पायाचा, प्रत्येक पावलाला अडकणार. आखूड बसवले तर पळताना अर्ध्या सेकंदाचा फायदा. शिवाय सामन्याला पीच टणक असणार, चाळीस वर्षं आपण काय डोळे मिटून बसलोय? त्यांनी आखूड बसवले. जावयाला सांगायची गरज वाटली नाही. डॉक्टर काय पेशंटला विचारून औषध देतो?

"त्यांनी मैदानावर बूट घालताना पाहिलं," मुलगी म्हणाली. "तोवर वेळ गेली होती. दुसरा जोड आहे कुठे आमच्याकडे? आणि घरी येऊन मला काय म्हणाले माहितीये? मामांना कळू देऊ नकोस, त्यांच्या जिवाला लागेल. आणि तुम्ही! तुम्ही तिकडे सही ठोकून मोकळे! टपरीवरचे लोक मला बोटानं दाखवतायत, बाबा. हिच्या बापानंच सही केलीय म्हणून."

मुलगी रडत नव्हती. रडली असती तर समजूत तरी घालता आली असती. ती बूट तिथंच टाकून निघून गेली.

कोच तसेच उठून सलूनमध्ये गेले. तिथं दहाबारा जण आरशांसमोर उभे राहून सामना पुन्हा हरत होते.

"कागद दे," कोच सलूनवाल्याला म्हणाले. "चूक माझी आहे. त्यानं लांब खिळे सांगितले होते, मी आखूड बसवले. म्हणून घसरला."

सगळे एकमेकांकडे पाहू लागले. मग कुणीतरी फिस्सकन हसलं आणि सगळं सलून हसायला लागलं.

"आलं ध्यानात," सलूनवाला म्हणाला. "घरी गेले, बायकोनं झापलं, मुलगी रडली, आणि कोचना खिळे आठवले! जावई म्हणजे दहावा ग्रह, कोच. तुम्हाला आत्ता लागला का?"

"अरे, आईशप्पथ सांगतो!"

"कागद फोरमननी साहेबांच्या बंगल्यावर पोचवलासुद्धा. एकशे बारा सह्या. पहिली तुमची."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. कोचनी त्या सलूनमध्ये अर्धा तास आरडाओरडा केला. जेवढे जास्त ओरडले तेवढं लोकांना ते जास्त खोटं वाटलं.

दुसऱ्या दिवशी पावणेदहालाच ते कारखान्याच्या ऑफिसात हजर झाले, बगलेत बूट आणि खिशात पाना घेऊन. साहेबांच्या टेबलावर तो कागद होता आणि टेबलासमोर जावई उभा होता, मान खाली घालून. सासऱ्याला पाहून तो दचकला.

कोचनी एका दमात सगळं सांगितलं. साहेबांनी ऐकून घेतलं आणि जावयाकडे वळले. "काय रे? बुटांमुळे झालं?"

"नाही साहेब," जावई म्हणाला. "बूट ठीक होते. पाय माझाच चुकला."

"खोटं बोलतोय!" कोच कडाडले. "साहेब, हा माझी लाज राखायला खोटं बोलतोय! अरे, तुला कुणी सांगितलंय माझी लाज राखायला? मी राखली का तुझी?"

"ओरडू नका," साहेब म्हणाले. "काल तुम्ही लिहून देता की हा नालायक आहे. आज म्हणता, नालायक मी. हा म्हणतो, पाय माझाच चुकला. मी कुणाचं धरू? कागद तरी खरा आहे."

मग कोचनी जे केलं ते आधी ठरवलेलं नव्हतं. त्यांनी तिथंच फतकल मारली, चपला भिरकावल्या आणि ते बूट पायात चढवले. दोन नंबर मोठे होते, म्हणून पुढे रुमाल कोंबला. खडखड करत ते बाहेर गेले. ऑफिससमोर हिरवळ होती आणि माळ्यानं नुकतंच तिला पाणी दिलं होतं. पहिली पाळी चहाला सुटली होती. सह्या करणारे निम्मे लोक फाटकाशी उभे होते, फोरमन होते, दाढीचा साबण हातावर तसाच घेऊन सलूनवालाही होता.

"बघा!" कोच ओरडले. "डोळे फाडून बघा!"

बासष्ट वर्षांचा माणूस हिरवळीवरून पळत सुटला. पलीकडच्या कुंडीला हात लावून गर्रकन वळला आणि धपकन आडवा झाला. लोक खो खो हसले.

"म्हातारा माणूस पडणारच की!" सलूनवाला ओरडला.

कोच उठले. कोपर सोलवटलं होतं. ते तिथंच ओल्यात बसले, बूट काढले आणि खिशातून पाना आणि जावयाचं लांब खिळ्यांचं पाकीट काढलं. एकेक आखूड खिळा फिरवून काढला, एकेक लांब बसवला. सोळा खिळ्यांना वेळ लागतो. पाळीचा भोंगा झाला तरी कुणी जागचं हललं नाही. हसणंही हळूहळू थांबलं, कारण कोच एक अक्षर बोलत नव्हते आणि असं आजवर कधी झालं नव्हतं.

बूट चढवून ते पुन्हा पळाले. तोच वेग, तीच कुंडी. वळले. पाय जमिनीत रुतला, धरला, आणि म्हातारा ताठ उभा राहिला. परत पळत येऊन तो साहेबांसमोर धापा टाकत थांबला.

"त्या एकशे बारा जणांनी माझ्या सहीवर विश्वास ठेवून सह्या केल्या," कोच म्हणाले. "आता माझ्या पडण्यावरही ठेवा म्हणावं."

साहेबांनी फोरमनकडे पाहिलं. फोरमननी नजर चुकवली. "कागद घेऊन जा तुमचा," साहेब त्यांना म्हणाले, आणि जावयाला म्हणाले, "सोमवारपासून सरावाला ये. नोकरीचं पत्र दुपारी घे." सलूनवाला कधी सटकला ते कळलंच नाही. गर्दी कुजबुजत पाळीवर गेली.

हिरवळीवर सासरा आणि जावई दोघंच उरले. कोचच्या चेहऱ्यावर रंग आला होता. जिंकल्यासारखंच वाटत होतं त्यांना.

"पाहिलंस ना?" ते म्हणाले. "आता पुढच्या मोसमाला मी काय करतो, टाचेला चार लांब आणि चवड्याला चार मधले—"

"मामा."

जावयाचा आवाज मोठा नव्हता. इतका वेळ खाली घातलेली मान त्यानं वर केली होती. त्याचे डोळे लाल झाले होते.

"माझे बूट होते ते. मी तुम्हाला लांब सांगितले होते."

"हो, पण मला वाटलं—"

"मला विचारायचं होतं. एकदा फक्त विचारायचं होतं. काल मी तिथे पडलो तेव्हा अख्खं मैदान मला शिव्या घालत होतं, आणि त्यात तुमचा आवाज मला वेगळा ऐकू येत होता." त्यानं हात पुढे केला. "काढा ते."

कोच खाली बसले. नाड्या ओल्या होऊन आवळल्या होत्या, सुटायला वेळ लागला. जावयानं मदत केली नाही. बूट हातात आल्यावर तो ऑफिसच्या पायरीवर बसला, पाना मागून घेतला आणि नुकताच कोचनी बसवलेला प्रत्येक खिळा स्वतः पुन्हा आवळून पाहू लागला. एक, मग दुसरा, मग तिसरा. कोच चिखलात अनवाणी उभे राहून पाहत होते. त्यानं सगळे सोळा तपासले.