धुरी दिलेल्या माशाची तब्येत

जर्मनीतल्या कील शहरातल्या आमच्या बागकरी संघाच्या लाकडी सभागृहात त्या रविवारी मुंगीला शिरायला जागा नव्हती. केकची ताटं डोक्यांवरून पुढे सरकत होती. दुपारी तीनच्या कॉफीपुढे इथली माणसं कुणाला भीक घालत नाहीत, पण त्या दिवशी कॉफी निवली तरी कुणी हूं की चूं केलं नाही. खड्याने रोग ओळखणारे क्वास्टबुवा आले होते ना!

आता मी जन्मभर थापा मारल्यात. खाडीत गायीएवढा मासा धरला, हे मी तीन पाद्र्यांना पटवलंय. त्यामुळे जातभाई मला लांबूनच ओळखू येतो.

बुवांपुढे एक पेटी होती. तिच्यात दिवा, दिव्यापुढे काळसर काच, मग पितळी कड्यात बसवलेला लाल खडा, आणि पुढे पुन्हा काळसर काच, तीच पेटीची खिडकी. खडा म्हणजे चपटी गोल चकती, एका बाजूने सरळ कापलेली. रोग्याने पेटीवर हात ठेवायचा, बुवांनी डोळे मिटून कडं फिरवायचं. देहात विष असेल तर खिडकी काळी. देह शुद्ध असेल तर लालभडक उजेड!

“हा ज्वालामुखीच्या पोटातला खडा,” बुवा घोगऱ्या आवाजात म्हणाले. “हा तुमचं रक्त वाचतो. तुमच्या डॉक्टरांना तुमचं विम्याचं कार्डसुद्धा वाचता येत नाही!”

आमची माणसं भोळी नाहीत हं. मागच्या रविवारी अध्यक्ष ओटेंनी बुवांच्या प्रमाणपत्रावरचा शिक्का भिंगातून तपासला होता. मग हात वर करून मतदान झालं आणि खडा खरा असल्याचं बहुमताने इतिवृत्तात लिहिलं गेलं. एकदा इतिवृत्तात आलं की इथे सूर्यही पश्चिमेला उगवतो. मीही हात वर केला होता. गंमत म्हणून.

गंमत तिथेच संपली. शेजारी बसलेली गेशे माझ्या कानाशी आली. “ऐक ना, मागच्या वेळी खडा माझ्यासाठी पेटला. बुवा म्हणाले, आता औषध सोड. तेव्हापासून रक्त पातळ करायच्या गोळ्या बंद केल्यात मी.”

“अगं, दोन वर्षांपूर्वी पक्षाघाताने तुझा अर्धा चेहरा लुळा पडला होता!”

“तूच तर हात वर केला होतास!”

मी उठलो तो थेट वीबकेच्या वाफ्यावर. तिने तीस वर्षं विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत सिलिकॉनच्या चकत्या आम्लात बुडवल्या. ती मातीच्या हातांनीच आली आणि पेटीत डोकावून खो खो हसली.

“बुवा, ही सरळ कड कशाला असते, माहीत आहे का? चकती कुठल्या दिशेने धरायची ते आम्हाला कळावं म्हणून! ज्वालामुखीला काय करायचंय तिचं?”

“बाई, तुमच्या शंकेने खडा मिटेल.”

“मग शंका नसलेला रोगी आणते.” तिने केकशेजारच्या ताटातला धुरी दिलेला, बोटाएवढा स्प्राट मासा उचलून पेटीवर ठेवला आणि स्वतः कडं फिरवलं. चकतीची कड तिरकी झाली. लख्ख लाल उजेड! “अभिनंदन! मासा ठणठणीत आहे. धूर तेवढा जास्त लागलाय.”

सभागृह हसून लोळलं. तिने मासा तिथेच ठेवून कड सरळ केली. खिडकी काळी.

“आता मेला वाटतं,” मागून कुणीतरी म्हणालं.

“पण खडा काढला तर अंधारच राहतो,” ओटे कुरकुरले. “म्हणजे शक्ती आहेच!”

“आहे ना. भोकांची!” वीबके म्हणाली. “पहिली काच एकाच दिशेने डोलणारा प्रकाश सोडते. दुसरी आडवी लावलीय, ती तोच अडवते. म्हणून अंधार. आता चकती. नुसत्या सिलिकॉनला प्रकाशाचं उभं-आडवं सारखंच. पण आम्ही आम्लाने त्यात केसाच्या हजाराव्या भागाहून बारीक भोकं पाडतो, सगळी एका दिशेने कललेली. बटाट्याच्या सऱ्यांतून दंताळं ओढून बघा. सरीच्या बाजूने एक वेग, सरीला आडवं दुसरा. चकती तिरकी धरली की प्रकाशाचं डोलणं दोन्ही दिशांत वाटलं जातं, एक भाग मागे पडतो आणि बाहेर येताना डोलण्याची दिशाच बदलते. मग दुसरी काच तो पुरता अडवू शकत नाही. चकती सरळ धरली तर वाटणीच नाही, म्हणून अंधार. यात रक्त कुठे आलं?”

बुवा पेटी आवरायला लागले. ओटेंनी विचारलं, ठराव रद्द करायला पुन्हा मतदान घ्यायचं का?

“घ्या की. भोकं कुणाच्या मताने बुजत नाहीत.”

गेशे हसत नव्हती. “वीबके, आठ दिवस झाले गं. आता?”

“आता ऊठ. आपण तिघं डॉक्टरांकडे जातोय. लगेच.”

वेळेवर पोचलो, एवढंच सांगतो. या एका गोष्टीत मीठमिरची लावायची हिंमत मला होत नाही.

लोकहो, माझ्या गायीएवढ्या माशावर खुशाल विश्वास ठेवा, त्याने कुणाची औषधाची गोळी सुटत नाही. पण कुणी उजेड दाखवून औषध सोडायला सांगितलं, तर हात जोडायच्या आधी उठा, पेटीमागे जा आणि डोळे उघडे ठेवून बघा.