सुभेदाराच्या शेजारी

तोफखान्याच्या संग्रहालयात शिरलं की समोरच्या भिंतीवर पलटणीचा सारा इतिहास फ्रेमा करून टांगलेला दिसे. तोफेला टेकून उभे राहिलेले, मिशांना पीळ भरलेले एकाहून एक अधिकारी. आणि या थोर मंडळींच्या शेवटी, खिडकीजवळच्या उजेडाच्या जागी, एक खेचर.

डोंगरी तोफ ही मोठी समजूतदार वस्तू. तिची नळी, चाकं, बैठक सुटी करायची, खेचरांच्या पाठीवर बांधायची, गाडी जात नाही तिथं पायवाटेनं चढायचं आणि वर जाऊन पुन्हा जोडायची. नळी सगळ्यांत जड. ती वाहण्याची सेवा या खेचराकडे होती. त्याचं नाव सुभेदार. बार उडाला की ते जबडा फाकून असं केकाटे, की दुसरा बार काढायची गरज आहे का, असं वाटावं. फोटोही नेमका त्याच क्षणी निघालेला, सगळे दात दाखवणारा.

त्या सुभेदाराचा लगाम धरून ज्यांची उमेदीची वर्षं डोंगर चढण्यात गेली, ते हवालदार निवृत्तीनंतर आता इथंच लोकांना तोफा दाखवत. तोफेवर बोलायला लागले की असे रंगत, की सहलीला आलेली मुलं खाऊचे डबे विसरत. पण भिंतीवर त्यांचा फोटो नव्हता. सुभेदाराच्या फोटोत लगाम धरणारा एक हात होता, मनगटापर्यंत. उरलेले हवालदार चौकटीबाहेर.

“ते मनगट तुमचं, हे मी लोकांना किती दिवस सांगत बसू?” असं त्यांच्या बायकोनं एकदा विचारलं होतं. हवालदार हसले, पण ते शब्द काट्यासारखे आत राहिले. नावाचाही सल होताच. खेचर सुभेदार आणि ते स्वतः हवालदार, म्हणजे हुद्द्यानंही खेचरच वरचढ.

यंदा मात्र देवानं योग आणला. संग्रहालयाचे प्रमुख वयानं लहान, इतिहास शिकून आलेले, ‘काका काका’ करणारे. त्यांनी ठरवलं, की पलटणीच्या वर्धापनदिनी जुन्या डोंगरी तोफेतून बिनगोळ्याचा एक बार काढायचा, दोरी हवालदारांनीच ओढायची, आणि त्या क्षणाचा फोटो भिंतीवर लावायचा.

अडचण एकच होती. बार उडायच्या आधी तोफखान्यातला माणूस तोंड उघडतो. त्यामुळं हवेचा दणका कानांच्या पडद्यांवर कमी बसतो. हवालदारांच्या अंगात हे इतकं मुरलेलं, की कुकरची शिट्टी होणार असं वाटलं तरी आपोआप आ वासला जाई. संसारात बायकोलाही ती सवय लागली. दोघं स्वयंपाकघरात समोरासमोर आ करून बसलेली पाहून नवी सून पहिल्यांदा आली तेव्हा घाबरली होती, आणि मग कोणाला आधी भरवायचं या विचारात पडली होती.

त्यात पुढचे दात गेलेले. कवळी होती, पण खडखडते म्हणून ती डबीतच.

“जन्मात एकदा फोटो निघतोय,” बायकोनं बजावलं. “तोंड मिटून ठेवा. सुभेदाराचे निदान दात तरी जागेवर होते.”

मग कुकरपुढं खुर्ची टाकून सराव सुरू झाला. सुरुवातीला बटाट्यांचा पार लगदा झाला, पण तोंड काही मिटेना. शेवटी हनुवटीखाली मूठ धरून धरून त्यांनी ते जमवलं. बायकोनं समाधानानं गणवेशाला इस्त्री केली.

वर्धापनदिनी तोफ न्हाऊनमाखून उभी होती. मुख्य पाहुणे म्हणून आलेले जनरलसाहेब, प्रमुख, त्यांचे कारकून आणि हवालदारांची बायको, सगळे फोटोत यावेत म्हणून तोफेजवळ दाटीनं उभे केले होते. फोटोवाल्यानं कॅमेऱ्याला डोळा लावला. हवालदारांनी ओठ घट्ट मिटले आणि दोरी हातात घेतली.

आणि त्यांची नजर त्या रांगेवरून फिरली. सगळ्यांची तोंडं मिटलेली. फोटोसाठी गोड हसणारी. एवढे सगळे कान.

त्यांना सावध करायला तोंड उघडावं लागणार होतं. एकदा उघडलं की बार होईपर्यंत ते मिटणार नाही, हेही त्यांना ठाऊक होतं. क्षणभर हात थांबला. मग पोटातून आवाज निघाला, “तोंडं उघडा!”

जुना हुकूम तो. जनरलसाहेबांनी सगळ्यांच्या आधी पाळला. धडाम झालं, आणि फोटोही निघाला.

दोन दिवसांनी प्रमुखांनी तो पाकिटातून काढून दाखवला. “काका, हा भिंतीवर कसा लावू? जनरलसाहेब घास भरवायची वाट बघत असल्यासारखे दिसतायत.”

हवालदारांनी मान हलवली. पाकीट घेऊन घरी आले आणि ताकावरचं लोणी काढावं तितक्या हलक्या हातानं ते बायकोपुढं ठेवलं. तिनं निरखून पाहिलं. सगळ्यांत मोठा आ कोपऱ्यात तिचाच होता. तिनं पायांत चपला घातल्या आणि तडक संग्रहालयात गेली. मागोमाग हवालदार, गयावया करत.

“साहेब,” भिंतीपुढं उभी राहून ती म्हणाली, “हे सगळे एवढे तोफेला टेकून उभे आहेत, पण तोंडं मिटलेली. बार उडताना यांतलं कोणीच जवळ नव्हतं का?”

प्रमुखांनी भिंतीवरून नजर फिरवली. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत मिशा आणि मिटलेले ओठ. फक्त खिडकीजवळ एक जबडा उघडा. ते आधी खोकले, मग त्यांना हसू आवरेना. हसता हसता त्यांनी शिपायाला हातोडी आणायला सांगितलं.

फोटो सुभेदाराच्या शेजारी लागला. बघायला येणारे तिथं थबकतात, आणि बघता बघता त्यांचाही आ वासला जातो. हवालदार तेव्हा मुद्दाम खिडकीबाहेर बघत राहतात.

नवा खिळा जरा खाली ठोकला गेला होता. प्रमुख म्हणाले, “काका, दोन्ही एका रेषेत घेऊ या.”

“नको साहेब,” हवालदार म्हणाले. “सुभेदार आहेत ते.”