ठकीचं राहिलेलं माहेरपण

मी ठकी. पांगाऱ्याच्या लाकडाची, वीतभर उंचीची बाहुली. मला डोळे नाहीत. पण एके काळी होते, आणि तेच सांगायला बसले आहे.

सावंतवाडीच्या एका चिताऱ्याने मला घडवलं, रंगाने काळेभोर डोळे रेखले. लालबागच्या गिरणीत काम करणाऱ्या गुणाजीने मला गलबतातून मुंबईला आणलं. त्याच्या लेकीने, शांताने मला जी उराशी धरली, ती झोपेतही सोडीना.

त्यांच्या चाळीत शीवच्या कोळीवाड्यातून राधाबाई मासळी घेऊन येई. तिची लेक गुणवंती पायरीवर बसून राही. शांता आणि ती कधी एकत्र खेळू लागल्या, हे दोघींनाही सांगता आलं नसतं. गुणवंतीकडे तिच्या बापाने होडीच्या फळीतून कोरलेला बाहुला होता. अठराशे त्र्याण्णव सालच्या अक्षय्य तृतीयेला त्याच्याशी माझं लग्न लागलं. मी सासरी निघाले तेव्हा शांता रडली. "नागपंचमीला न्यायला येते हं," म्हणाली.

गुणवंती मला कमरेला खोचून रोज चाळीत आणी, म्हणून पुढचं सगळं मी ऐकलं. चाळीतल्या मुलींची म्होरकी कमल नाक दाबून ओरडे, "शांते, तुझी विहीणबाई आली ग! पळा!" बाकीच्या खिदळत. खरं तर सगळ्यांच्याच घरी बांगडा शिजे.

"तिच्याशी बोललीस तर तुला खेळायला घेणार नाही," कमलने बजावलं.

शांता गुणवंतीला टाळू लागली. एकदा खाली बघत पुटपुटली, "ठकीला वास मारतो."

नागपंचमी आली. न्यायला कोणी आलं नाही. गुणवंतीने रिठ्याच्या पाण्यात बुडवून मला काथ्याने घासघास घासलं. वास गेला. डोळेही गेले.

"शांते, तुझी लेक आनलीय माहेरी," तिने पायरीवर उभं राहून हाक मारली. "बग, वास नाय येत आता."

मुली भोवती जमल्या. "घे ना, घे!" कमल हसली.

शांताने मला हातात घेतलं. तिचा अंगठा माझ्या पाठीवरच्या गाठीवर थांबला. ती गाठ तिला अंधारातही सापडायची. मग ती म्हणाली, "ही माझी नव्हे. माझ्या ठकीला डोळे होते."

गुणवंतीने मला तिच्या हातातून परत घेतलं. मला पदरात गुंडाळून घरी घेऊन गेली.

त्याला आता सहा वर्षं झाली. गुणवंती स्वतः लालबागला मासळी विकते. मी पाटीजवळच्या फडक्यात पडून असते. परवा ओळखीचा आवाज आला, अगदी हळू. "ती ठकी आहे का ग अजून?"

"हाय. पन तिला डोले नाय, बाय. वलखशील?"

शांता एक पाऊल जवळ आली. तेवढ्यात मागून कमल ओरडली, "चल ग, किती वेळ!" पावलं लांब गेली.

मुलींनो, मी थकले आहे. मला न्यायला आता कोणी येऊ नये. पण चारजणी भोवती उभ्या राहून हसतील, तेव्हा आपल्या हाताला काय ओळखू येतंय, तेवढं खरं बोला. त्या दिवशी शांताच्या अंगठ्याने मला ओळखलं होतं. तेवढ्यावरच मी इतकी वर्षं काढली.