आनंदाबाईच्या दारात उकळणारी जीप

परसरामच्या जीपभोवती सारे प्रवासी जमले होते. बॉनेट उघडं, आतून वाफेचा लोट, आणि समोर रस्त्यावरच मांडी ठोकून बसलेले सोमाजी महाराज. "ओम फट्, पानी पिनारी सुट्, जाय आपल्या वाट्," असं त्यांचं चाललं होतं. बायाबापड्या हात जोडून उभ्या. मीही उभी होते, पण माझा डोळा घड्याळावर. शाळेची वेळ टळत होती.

गोंदिया जिल्हा वेगळा निघाला त्यानंतरची ही गोष्ट. लाखांदूरहून दिघोरीकडच्या शाळेत विज्ञान शिकवायला मी याच खटारा जीपनं जायची. जीप रोज एकाच जागी उकळायची. वाटेतल्या एका गावात, तलावाच्या पाळीचा चढ संपला की आनंदाबाईच्या दारात. परसराम रोज बादलीभर पाणी ओतायचा, पण जमिनीवर कधी थेंब सांडलेला दिसायचा नाही. मग पाणी जातं कुठं? महाराजांनी सांगून टाकलं, आनंदाबाई पिते. बाई विधवा, एकटी राहायची, फारशी कुणात मिसळायची नाही. गावाला एवढा पुरावा रग्गड झाला.

मंत्र संपला. महाराजांनी रेडिएटरच्या झाकणाला हळूच बोट लावून पाहिलं, "शांत झाली माय," म्हणाले आणि अंगाऱ्याची पुडी आत रिकामी केली. वरून पाणी. जीप सुरू झाली ती थेट शाळेपर्यंत एकदाही न उकळता.

"पाह्यलं ना मॅडम?" शेजारी बसलेल्या मालनबाईनं मला कोपरानं ढोसलं. "आता तरी मानता का नाही?"

"मालनबाई, गाडीतून फोडणीच्या वरणाचा वास येऊन राहिला."

"थो देवाचा वास आहे."

"तुमचा देव सकाळीच वरण खाते काय?"

तिनं दिघोरी येईस्तोवर तोंड बाहेर वळवून घेतलं. मी जन्माची संशयी. झाकण थंड व्हायला जेवढा वेळ लागतो तेवढाच या माणसाचा मंत्र कसा चालतो, हे माझ्या डोक्यातून जाईना.

आठवडाभरात जीप पुन्हा त्याच दारात उकळली. महाराज म्हणाले, "करणी जबर आहे. बाई गावात आहे तवरोक गाडीले सुख नाही. सोमवारी तिनं निघावं, नाहीतर गावानं काढावं." बायाबापड्यांनी माना डोलावल्या. आनंदाबाई दाराच्या चौकटीला धरून उभी होती. मला म्हणाली, "मॅडम, मी कोठी जाऊ? माहेरी कोणी नाही उरलं." माझं डोकंच फिरलं. चांगल्या माणसांचा एवढा राग मला कधी आला नव्हता.

परसरामकडं महाराजांची एक पुडी शिल्लक होती. "उघडू नका मॅडम, गुण जाते," तो गयावया करू लागला. अंगाऱ्याची पुडी उघडून पाहायची नाही, हा आमच्याकडचा जुना रिवाज. आणि महाराजांचं सारं दुकान या रिवाजावर चाललेलं. मी पुडी घरी नेऊन उघडली. राखेत पिवळी भुकटी. तिला ओला चुना लावला तर ती लालभडक झाली. हळद होती.

सोमवारी जीप ठरल्या जागी उकळली. आनंदाबाईचं गाठोडं अंगणात बांधून तयार. महाराज मांडी घालू लागले तसं मी म्हटलं, "आज मंत्र नको. सारे मिळून गप्प बसू." बसलो. झाकण आपोआप थंड झालं.

"आनंदाबाई, घरात हळद आहे काय?"

तिनं डबा आणला. महाराज ताडकन उठले. "तिच्या हातची? गाडी पेट घेईन."

"घेऊ दे," मी म्हटलं आणि परसरामकडं पाहिलं. जीप त्याची, पोट त्याचं. त्यानं आनंदाबाईकडं पाहिलं, गाठोड्याकडं पाहिलं. मग डबा घेऊन मूठभर हळद स्वतःच्या हातानं रेडिएटरमध्ये टाकली आणि पाणी भरलं. जीप पाळीखाली उतरून पुन्हा चढ चढून आली. वाफ नाही, काही नाही.

मी त्याला रेडिएटरची मागची बाजू दाखवली. तिथं सुईच्या टोकाएवढ्या भोकाभोवती पिवळा डाग धरला होता. चढावर इंजिन तापलं, आतलं पाणी दाबाखाली आलं, की या भोकातून बारीक फवारा निघायचा. तो तापल्या इंजिनवर पडून तिथंच वाफ व्हायचा, मग थेंब दिसणार कुठून? चढ संपतो तिथं आनंदाबाईचं घर, एवढाच तिचा गुन्हा. गरम पाण्यात हळद फुगते आणि भोक बुजवते, पण चार दिवसांपुरतीच.

"ट्रकवाल्यांची युक्ती आहे ही," मी म्हटलं. "महाराज, तुम्ही कोणत्या लाइनवर होता?"

महाराज झोळी आवरत होते. "रायपूर लाइनले," त्यांच्या तोंडून निघून गेलं. "ट्रकचा किलिंडर होतो."

मालनबाईनं गाठोडं उचललं आणि मुकाट्यानं आनंदाबाईच्या घरात नेऊन ठेवलं.

परसरामनं लाखांदूरला रेडिएटर उतरवला, भोक कथलानं झाळून घेतलं, आतला हळदीचा चिखल धुऊन काढला. तो तसाच राहता तर नळ्या तुंबून इंजिनच गेलं असतं. मला एवढंच सांगायचंय, कुणी उघडू नका म्हटलं की पुडी आधी उघडा. आणि गाडी बिघडली तर गाडीत पाहा, शेजारणीच्या दारात नाही.

पुढच्या बाजाराच्या दिवशी लाखांदूरला परतताना जीप पुन्हा आनंदाबाईच्या दारात थांबली. मालनबाईनं माझा हात घट्ट धरला. पण बॉनेट थंडगार होतं. रस्त्याच्या कडेला पिशवी घेऊन आनंदाबाई हात दाखवत उभी होती.

"सरका जराशा," ती आत चढत मालनबाईला म्हणाली. "लाखांदूरले जातो. घरची हळद सरली माही."