थ्रॉटल सेन्सरची साक्ष

मी एक जुना थ्रॉटल सेन्सर आहे, मित्रांनो. आता हे काय नवीन, असं तुम्ही म्हणाल. म्हणा. मी स्वतःच कित्येक दिवस स्वतःला विचारत होतो, की बाबा रे, तू सांगतोस ते नक्की खरं की खोटं?

तसं माझं काम सोपं आहे. गाडीच्या इंजिनात हवा सोडणारी एक झडप असते, तिला थ्रॉटल म्हणतात. ती किती उघडली ते मी तिच्या शेजारी बसून गाडीतल्या छोट्या संगणकाला कळवतो आणि तो त्या मानाने पेट्रोल सोडतो. मला तीन वायरी आहेत. एक वीज आणते, एक माझं म्हणणं पोचवते आणि तिसरी अर्थची, म्हणजे वीज परत नेणारी, ती गाडीच्या लोखंडावर घट्ट आवळलेली असते. तिच्या जोरावरच मी पाय रोवून बोलतो.

कारखान्यात एका बाईंनी मला मीटर लावून 'चोख' असा शेरा दिला होता. पुढे नऊ वर्षं मी एका रंगाऱ्याच्या गाडीत काढली. मागे रंगाचे डबे, टपावर शिडी, आणि माझं नाव कुणाच्या तोंडी नाही. आमच्या धंद्यात नाव न निघणं हीच शाबासकी असते.

मग रंगाऱ्याच्या लेकीला शाळेत गणित शिकवायची नोकरी लागली. तिचे पाय लहानपणापासून चालत नाहीत आणि शाळा तर पार दुसऱ्या टोकाला. म्हणून गॅरेजातल्या मिस्त्रीने गाडीत फेरफार केले. स्टिअरिंगपाशी एक दांडी बसवली, ओढली की वेग, ढकलली की ब्रेक. दांडीच्या केबलसाठी इंजिनाजवळ एक लोखंडी पट्टी लावली आणि दुसरीकडे जागाच उरली नाही म्हणून अर्थची वायर त्याच पट्टीवर आवळली. लेक शिकली, परवाना मिळवला. पहिल्या दिवशी ती एकटी निघाली तेव्हा रंगारी फाटकात उभा राहून डोळे पुसत होता म्हणे. मला बॉनेटखालून काय दिसणार, हे मला हॉर्नने सांगितलं.

पुढच्या रविवारी रंगारी बॉनेट उघडून बराच वेळ खुडबुड करत होता. रंगाचा वास आला, पण तो त्याच्या अंगाला बारा महिने येतो, म्हणून मी लक्ष दिलं नाही.

सोमवारपासून मात्र माझं डोकंच फिरलं. मी सांगायचो झडप बंद आहे, संगणकाला ऐकू जायचं थोडी उघडी आहे. तो पेट्रोल भलतंच सोडायचा आणि इंजिन गचके खायचं. दिवसा थोडं, संध्याकाळी जास्त. पायाखालचं काहीतरी हलतंय असं वाटायचं, पण काय ते कळेना.

गुरुवारी शाळेतून परतताना भर चौकात लेकीने दांडी ओढली आणि गाडी पुढे जायचं सोडून जागीच अडखळली. समोरून ट्रक येत होता. त्याने करकचून ब्रेक दाबला म्हणून निभावलं. घरी आल्यावर लेकीने खरं काय ते सांगितलं. रंगाऱ्याने किल्ली स्वतःच्या खिशात टाकली.

"एक तारखेपर्यंत नीट झाली तर झाली," तो म्हणाला, "नाहीतर मी ही गाडी विकतो. नोकरीपेक्षा तू मोठी आहेस, बाळा."

दुसरी गाडी घेणं काही त्यांच्या आवाक्यात नव्हतं. गाडी गेली की शाळाही गेली, हे दोघांनाही ठाऊक होतं.

गाडी गॅरेजात आली. मिस्त्रीने प्लग बदलले, एअर फिल्टर झटकला, झडप धुतली. गाडी होती तशीच. शेवटी तो म्हणाला, सेन्सर खोटं बोलतोय. रंगाऱ्याने मान हलवली. शेजारचा पंक्चरवालाही म्हणाला, तसंच असणार. इतकी माणसं म्हणतात तर असेन बुवा मी खोटारडा, असं मलाही वाटायला लागलं. मला काढून नटबोल्टच्या डब्यात टाकलं आणि माझ्या जागी कोरा सेन्सर बसवला. फार लाज वाटली, मित्रांनो.

दुपारी मिस्त्री एक फेरी मारून आला आणि झालं काम म्हणाला. दुसऱ्या दिवशी सकाळी रंगारी परत दारात. आदल्या संध्याकाळी गाडी पुन्हा अडखळली होती. म्हणजे तो कोराही खोटारडा? मला आनंद व्हावा की वाईट वाटावं, तेच समजेना.

त्या दिवशी लेकही सोबत आली होती, गाडीतच बसून होती. मिस्त्री रंगाऱ्यालाच विचारत होता, काका, कधी होतं, कसं होतं. रंगारी आपल्या परीने सांगत होता.

"दादा, गाडी मी चालवते," लेक शांतपणे म्हणाली. "मला कुणी विचारलंच नाही. दिवे लावले की जास्त होतं."

मिस्त्रीने मीटर लावला आणि तिला दिवे लावायला सांगितलं. काटा टुणकन उडाला. बंद केले, काटा खाली. तो अर्थच्या वायरीवरून बोट फिरवत त्या पट्टीपाशी पोचला. पट्टी झकास निळी रंगवलेली होती, दोन हात दिलेली, आणि वायर त्या रंगावर आवळलेली. रंगातून वीज जात नाही. त्याच वायरीवर दिव्यांचा भार पडला की माझं सगळं बोलणं बिघडायचं.

"ही कुणी रंगवली?" मिस्त्रीने विचारलं.

रंगाऱ्याचा चेहरा उतरला. "मीच. गंज लागू नये म्हणून. वायर सोडून रंगवली आणि वाळल्यावर परत आवळली."

त्याने कुणाला हात लावू दिला नाही. पॉलिश पेपर घेऊन स्वतःच बसला आणि वायरीपुरता रंग घासून लोखंड उघडं केलं. जन्मभर रंग लावणारा माणूस, खरवडताना त्याचे डोळे भरून आले. जुनाच बरा होता, असं म्हणत मिस्त्रीने मला डब्यातून काढून परत जागेवर बसवलं.

त्याच संध्याकाळी रंगाऱ्याने किल्ली लेकीच्या हातात ठेवली आणि स्वतः फाटकात थांबला. चौकात तिने दिवे लावले, दांडी ओढली. मी सांगितलं, संगणकाने ऐकलं, आणि आम्ही एका दमात चौक ओलांडला.

मित्रांनो, मी खरं बोलतो की नाही, हे मला अजूनही एकट्याने सांगता येत नाही. म्हणून एवढंच मागतो. कुणी अडखळलं तर त्याला लगेच डब्यात टाकू नका. ते कधी होतं, हे ज्याला सोसावं लागतं त्याला आधी विचारा. रंगारी आजही दर रविवारी ब्रश घेऊन बॉनेट उघडतो, त्या उघड्या लोखंडाकडे पाहतो, आणि ते नुसतं फडक्याने पुसून बॉनेट लावतो.